पिंजऱ्यातलं पिल्लू कुणासाठी भुंकतं?

कवठे महांकाळ तालुक्यात सुगी उरकली, रानं मोकळी झाली, की कुणाच्या ना कुणाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसतात. वाघर लावलेली असते, आत कळप दाटीवाटीने बसलेला असतो, धनगर घोंगडी पांघरून बाजूलाच आडवा झालेला असतो आणि त्याच्या पायाशी कुत्रं. रात्री बांधावरून कुणी चाललं, की ते उठून चारदोनदा जोरात भुंकतं. धनगर पडल्यापडल्याच त्याला आवाज देतो. कुत्रं पुन्हा मुटकुळं करून पडतं. मग पहाटेपर्यंत त्याचा आवाज नाही.

त्याच रात्री गावात, नव्या घराच्या पार्किंगमध्ये, दोन महिन्यांचं पिल्लू लोखंडी पिंजऱ्यात असतं. कालपर्यंत ते आईच्या कुशीत, भावंडांच्या गराड्यात झोपत होतं. घरातले दिवे मालवले, दार लागलं, की पाच मिनिटांत त्याचा आवाज सुरू होतो. आधी बारीक कुईकुई, मग एकेक तुटक भुंकणं, मग पुन्हा विव्हळणं. शेजारच्या घरात दहावीचा मुलगा कूस बदलतो. मालक दोनदा बाहेर येऊन ओरडतो. पिल्लू गप्प होतं, दार लागलं की पुन्हा सुरू. तिसऱ्या रात्री घरात एकच चर्चा असते: 'हे कुत्रं परत देऊन टाकू या का?'

दोन्ही आवाजांना आपण 'भुंकणं' म्हणतो. पण फरक सांगायची सोय मराठीत आहे. धनगराचं कुत्रं कुणावर तरी भुंकतं. पिंजऱ्यातलं पिल्लू कुणासाठी तरी भुंकतं. पहिलं भुंकणं कारण सरलं की थांबतं. दुसरं थांबत नाही, कारण ज्याच्यासाठी ते चाललेलं असतं, तो माणूस आत झोपलेला असतो. हे एवढं ध्यानात आलं, तर त्या पिल्लाच्या आणि घराच्याही पुढच्या अनेक रात्री सुखाच्या होतील.

कानांनी ओळखायचा फरक

बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठात पेटर पोंग्राट्स, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या भुंकण्याचा बारकाईने अभ्यास केला. अनोळखी माणूस दाराशी आला तेव्हाचं, खेळतानाचं, झाडाला एकटं बांधून मालक निघून गेला तेव्हाचं, अशी वेगवेगळ्या प्रसंगांतली भुंकणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली आणि माणसांना ऐकवली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसलं, की कुत्रं समोर नसतानाही, नुसत्या आवाजावरून, लोकांना प्रसंगाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ज्यांनी कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं, त्यांनाही तो आला.

परक्यावरचं भुंकणं खालच्या पट्टीतलं, खरखरीत आणि भराभर येणारं असतं. एकट्या पडलेल्या कुत्र्याचं भुंकणं वरच्या पट्टीतलं आणि सुटं सुटं असतं. एक भुंकणं, मग जरा थांबणं, मग दुसरं. जणू हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकायचं. मधल्या त्या शांततेत पिल्लू खरोखरच कान टवकारून बसलेलं असतं.

आपल्याकडे कुत्रं रात्री हेल काढून रडलं, की अशुभ मानतात. कुणीतरी उठून दगड भिरकावतं. पण हेल काढणं हा कुत्र्याला त्याच्या पूर्वजाकडून, लांडग्याकडून, मिळालेला वारसा आहे. माळरानावर पांगलेले लांडगे एकमेकांना आपला ठावठिकाणा कळवायला आणि गोळा व्हायला असा लांब सूर लावतात. लांब सूर दूरवर पोचतो, म्हणून तो लांब असतो. रडणारं कुत्रं मरणाची बातमी देत नसतं. ते आपल्या माणसांना गोळा करत असतं.

पायाशी बसणारा प्राणी

पिल्लाला एकटेपण इतकं का सोसत नाही? याचं उत्तर फार जुन्या काळात आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या सांगाड्यांसोबत पुरलेलं कुत्रं सापडलं आहे. ते सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे माणसाने गाय, मेंढी पाळण्याच्याही आधी, शेती सुरू करण्याच्याही आधी, कुत्रं त्याच्या सोबत होतं. काश्मीरमधल्या बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीतही माणसांबरोबर कुत्री पुरलेली आढळली आहेत. महाभारतात शेवटच्या वाटचालीत युधिष्ठिराबरोबर टिकून राहिलं ते कुत्रं, आणि त्याला मागे टाकून स्वर्गात जायला युधिष्ठिराने नकार दिला. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला किंवा शेजारच्या नृसिंहवाडीला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर असते. तीत चार कुत्री दत्ताच्या पायाशी असतात. कुत्र्याची जागा पायाशी, हे आपल्या चित्रकारांनाही ठाऊक होतं आणि रानात निजणाऱ्या धनगरालाही.

हजारो पिढ्या माणसाने कुत्र्यांची निवड केली, कामं वेगवेगळी असली तरी एक गोष्ट कायम धरून: त्याने आपल्याजवळ राहावं. अशा निवडीने प्राणी किती बदलतो, हे रशियात दिमित्री बेल्याएव यांनी दाखवून दिलं. १९५९ मध्ये नोवोसिबिर्स्क इथे त्यांनी रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले माणसाला सर्वांत कमी घाबरणारे कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पुढची वीण वाढवायची. मोजक्या पिढ्यांतच माणूस दिसताच शेपूट हलवणारे, त्याचं लक्ष वेधायला कुईकुई करणारे, हात चाटणारे कोल्हे जन्माला येऊ लागले. कोल्ह्यात जे काही दशकांत घडलं, ते कुत्र्यात हजारो वर्षं घडत आलं आहे.

अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. पिल्लाचं वय साधारण ३ ते १२ आठवडे असतं, तेव्हा ते 'आपलं कोण' हे ठरवतं, हा त्यांच्या कामातला महत्त्वाचा निष्कर्ष. याच वयात पिल्लाला एकटं ठेवलं, तर ते सर्वांत जास्त रडतं. ओळखीच्या जागेपेक्षा परक्या जागेत एकटं ठेवलं, तर आणखी जास्त. आता नवं पिल्लू आपण कधी आणतो ते पाहा. नेमकं याच वयात. ठेवतो कुठे? परक्या जागेत. आणि एकटं.

स्कॉट यांच्याच सहभागाने याक पँकसेप यांनी १९७८ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आणली. अफूवर्गातल्या औषधाची अगदी अल्प मात्रा दिली, की ताटातुटीने रडणारी पिल्लं शांत होतात. ही औषधं वेदनेवर चालतात, हे आपण जाणतो. म्हणजे मेंदूत एकटेपणाचं दुःख आणि शरीराचं दुखणं यांच्या वाटा जवळून जातात. पिल्लाच्या रडण्याला हट्ट म्हणताना हे आठवावं.

ही ओढ एकतर्फीही नाही. जपानमधल्या अझाबु विद्यापीठात मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात, तेव्हा माणसाच्या शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळ यांच्यातली माया घट्ट करणारं हेच ते संप्रेरक. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांच्या बाबतीत असं घडलं नाही. दिवसभर ज्याच्याशी हे नातं जोडायचं, त्याला रात्री दहाला दाराबाहेर कोंडायचं आणि पहाटेपर्यंत आवाज न करण्याची अपेक्षा धरायची, हे त्या जिवाच्या घडणीविरुद्ध जातं.

पहिल्या आठवड्यात काय करावं

मग पिंजरा वाईटच का? तसं मुळीच नाही. नीट सवय लावली, तर पिंजरा पिल्लाची हक्काची गुहा होतो. तिथे त्याला कुणी त्रास देत नाही, ते वायर कुरतडत नाही, घरात कुठेही घाण करत नाही. खरा प्रश्न पिंजरा कुठे आहे हा असतो.

पहिले आठ-दहा दिवस पिंजरा झोपायच्या खोलीत, अंथरुणाला लागून ठेवावा. पिल्लाला तुमचा श्वास ऐकू यावा, वास यावा. ते कुईकुई करू लागलं, तर हात खाली सोडून बोटं गजांपाशी न्यावीत. बोलायची गरज नाही, दिवा लावायची नाही, उचलून घ्यायचं नाही. कुणीतरी इथे आहे, एवढंच त्याला कळायला हवं. ज्या घरी सोप्यात किंवा पडवीतच सगळे झोपतात, तिथे हे आणखी सोपं. तिथे नवं पिल्लू फारसं रडत नाही, कारण ते एकटं नसतंच.

'एकदा आत घेतलं की कायमचं आत' अशी भीती अनेकांना वाटते. ती अनाठायी आहे. पिल्लू सलग काही रात्री शांत झोपू लागलं, की पिंजरा दोन-तीन फूट दाराकडे सरकवावा. तिथे दोन-तीन रात्री शांत गेल्या, की आणखी थोडा. मग दारात, मग बोळात, मग पडवीत. मध्येच रडणं वाढलं, तर घाई झाली असं समजून एक टप्पा मागे यावं. तीन-चार आठवड्यांत पिंजरा तुम्हाला हव्या त्या जागी पोचतो आणि पिल्लू तोपर्यंत तिथली रात्र ओळखू लागलेलं असतं. अंतर वाढतं, विश्वास तुटत नाही.

रात्रीचं प्रत्येक रडणं सोबतीसाठीच असतं असंही नाही. लहान पिल्लाची लघवी रोखून धरायची ताकद फार थोडी असते. वय जितके महिने, साधारण तितके तास, फार तर एखादा तास जास्त, असा ढोबळ हिशेब धरावा. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री किमान दोनदा बाहेर न्यावंच लागतं. झोपेतून जागं होऊन ते चुळबुळ करू लागलं, तर उचलून थेट ठरलेल्या जागी न्यावं, काम झालं की हळू आवाजात शाबासकी द्यावी आणि पुन्हा पिंजऱ्यात ठेवावं. खेळ नाही, खाणं नाही, गप्पा नाहीत. रात्रीची फेरी कंटाळवाणी असली, की पिल्लू ती खेळासाठी मागत नाही. संध्याकाळचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावं. पाणी मात्र तोडू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर अजिबात नाही.

रात्रीची शांतता दिवसा कमवावी लागते. लहान पिल्लू चोवीस तासांतले १८ तासांच्या आसपास झोपतं. घरातले सगळे शेतावर किंवा नोकरीवर असले आणि ते दिवसभर झोपून राहिलं, तर रात्री ते ताजंतवानं असणारच. संध्याकाळी त्याला फिरवावं, दोरी ओढायला द्यावी, नवे वास हुंगू द्यावेत. हुंगण्यानेही कुत्र्याचा मेंदू दमतो.

पिंजऱ्याशी मैत्रीही दिवसाच करावी. दार उघडं ठेवून खाणं आत ठेवावं. पिल्लू आपणहून आत जाऊ लागलं, की दार मिनिटभर लावावं आणि बाजूलाच बसावं. मग पाच मिनिटं, मग दहा, मग खोलीबाहेर जाऊन परत येणं. माणूस जातो तसा परतही येतो, हा धडा पिल्लू अशा छोट्या फेऱ्यांतून शिकतं. आणि पिंजरा शिक्षेसाठी कधीही वापरू नये. 'चल आत' हे शब्द रागाने कानावर पडले, तर ती जागा त्याच्यासाठी तुरुंग होते.

इथे आपल्या भागासाठी एक गंभीर इशारा द्यायलाच हवा. तासगाव आणि कवठे महांकाळ हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख. घराघरात बेदाणा असतो आणि बक्षीस म्हणून पिल्लापुढे दोन-चार दाणे टाकायला हात सहज पुढे होतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांसाठी विषारी आहेत. थोड्याशा बेदाण्यांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. किती दाण्यांनी अपाय होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. बेदाण्याच्या शेडवर राखणीला असलेलं कुत्रं सांडलेला बेदाणा खात नाही ना, याकडेही लक्ष असावं. खाल्ल्याचं कळलं, तर उलटी-जुलाबाची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्यावं. बक्षीस म्हणून भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा घास पुरतो.

पिंजरा कसा असावा

गावाकडे पिंजरा बहुधा वेल्डिंगच्या दुकानातून बनवून घेतला जातो. माप देताना कुत्र्याची पूर्ण वाढ डोळ्यांसमोर ठेवावी. मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, पाय ताणून कुशीवर झोपता आलं पाहिजे. पिल्लू लहान असेपर्यंत मध्ये फळी घालून जागा आटोपशीर ठेवावी. नाहीतर ते एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपायला शिकतं. गजांमधली फट डोकं अडकणार नाही इतकी लहान हवी. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढावा, तो गजात अडकून फास बसू शकतो.

जमीन नुसत्या लोखंडी पट्ट्यांची नको. त्यावर गोणपाट टाकावं. घरात जुनी घोंगडी असेल, तर तिच्यासारखं अंथरूण नाही. ती उबदार असते आणि माणसाचा वास धरून ठेवते. आपण पांघरलेलं कापड पिल्लाजवळ ठेवलं, तर त्याला निम्मी सोबत त्या वासानेच मिळते. पिल्लू आणताना त्याच्या आईच्या अंगाखालचा एखादा कपडा मागून आणला, तर पहिली रात्र आणखी सोपी जाते. कापड कुरतडून गिळणारं पिल्लू असेल, तर मात्र लक्ष ठेवावं.

पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर सोडतं. एप्रिल-मे महिन्यात तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत झळ मारत राहतो, आणि अशा रात्रीचं भुंकणं सोबतीसाठी नसून जीव कासावीस झाल्यामुळे असू शकतं.

या गोष्टी केवळ दयेच्या नाहीत, कायद्याच्याही आहेत. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं हा गुन्हा आहे. प्राण्याला आखूड किंवा जड साखळीने प्रमाणाबाहेर बांधून ठेवणं, हाही. आणि याच कलमात कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख आहे: नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्याची जबाबदारी मालकाने टाळली, तर तो कायद्याने दोषी ठरतो. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडे महिन्याभराचं पिल्लूही सर्रास आणलं जातं. आईजवळचे ते चार आठवडे हिरावलेलं पिल्लू रात्री अधिक रडतं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

'रडू दे, दमेल आणि गप्प बसेल'

हा सल्ला प्रत्येक गावात, प्रत्येक ओट्यावर मिळतो. काही पिल्लं खरोखर दमून गप्प बसतात. पण गप्प बसणं आणि निर्धास्त होणं यांत अंतर आहे. हाक मारून कुणी आलं नाही, की पिल्लू हाक मारणं सोडतं. भीती तशीच राहते. पुढे तीच भीती दार ओरबाडण्यात किंवा एकटं पडलं की जागेवरच लघवी करण्यात बाहेर येते.

शिवाय घरोघरी घडतं ते भलतंच. पहिला अर्धा तास सगळे दात-ओठ खाऊन पडून राहतात, आणि भुंकणं टिपेला पोचलं की कुणीतरी उठून दार उघडतं. पिल्लू यातून काय शिकतं? थोडं भुंकून कुणी येत नाही, पुष्कळ भुंकलं की येतं. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिलं होतं, की दरवेळी मिळणाऱ्या फळापेक्षा कधी मिळणाऱ्या, कधी न मिळणाऱ्या फळाने लागलेली सवय जास्त चिवट असते. शिवाय पूर्वी मिळणारं फळ अचानक बंद झालं, की ती सवय मोडण्याआधी काही काळ उलट उसळी घेते. नेमक्या त्या उसळीच्या वेळी आपण हार मानतो.

ओरडण्याचंही तसंच. एकट्या जिवाला रागाचा आवाजही सोबत वाटतो. मालक बाहेर आला, बोलला, मग तो चिडून का बोलेना. काठी आपटणं, पाणी मारणं याने पिल्लू क्षणभर दबतं आणि रात्रीची त्याची भीती दुप्पट होते. म्हणून रडणं सुरू होऊच नये अशी जागा आधी द्यावी. पुढे, पिंजरा लांब सरकवताना पिल्लू थोडं कुरकुरलं, तर मिनिटभर थांबून, त्याच्या शांततेची फट पकडून जवळ जावं. शांत राहिलं की माणूस येतो, असा हिशेब त्याच्या मनात बसला पाहिजे.

या काळात शेजाऱ्यांशी बोलून ठेवावं. 'नवं पिल्लू आणलंय, आठ-पंधरा दिवस सांभाळून घ्या' एवढं वाक्य फार काम करतं. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. जवळून ऐकलेलं भुंकणं सहज त्याच्या पलीकडे जातं. शेजाऱ्याची झोप हाही आपल्या जबाबदारीचाच भाग आहे.

मोठं कुत्रं, म्हातारं कुत्रं, मळ्यावरचं कुत्रं

मळ्यावर, वस्तीवर कुत्रं ठेवतात ते राखणीला. सांगली-सोलापूर पट्ट्यात त्यासाठी कारवानी जातीला मोठा मान आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून बाहेर ती मुधोळ हाऊंड या नावाने ओळखली जातात. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत एक मुधोळचं आहे. पळण्यासाठी घडलेला, पातळ कातडीचा हा प्राणी. त्याला दिवसभर आणि रात्रभर चार बाय तीनच्या पिंजऱ्यात ठेवलं, तर त्याचं भुंकणं राखणीचं उरत नाही. राखण करणाऱ्या कुत्र्याला रात्री आवारात मोकळेपणी हिंडता आलं, तरच ते कुणावर भुंकायचं हे ठरवू शकतं.

उसाच्या पट्ट्यात मात्र, जिथे बिबट्याचा वावर आहे, तिथे कुत्र्याला रात्री बंदिस्त ठेवणं गरजेचं असतं. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा आढळला होता. तिथे मजबूत पिंजरा हे कुत्र्याचं कवच आहे. पण मग तो घराला लागून, माणसाच्या खिडकीखाली असावा. घरापासून लांब, अंधारात ठेवलेल्या कुत्र्याला धोका आणि एकटेपण दोन्ही सोसावं लागतं.

आजवर शांत झोपणारं मोठं कुत्रं अचानक रात्री रडू लागलं, तर सवय बिघडली असं समजण्याआधी दुखणं शोधावं. गोचीड ताप, जंत, कानातला संसर्ग, सांधेदुखी, मूत्रमार्गाचा त्रास, यांतलं काहीही असू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसराळूपणाचा आजार होतो. रात्री उठून ती भिंतीकडे पाहत भुंकतात, ओळखीच्या जागेत हरवतात. अशा कुत्र्याजवळ मंद दिवा ठेवला आणि त्याचं अंथरूण माणसाजवळ आणलं, तर बराच फरक पडतो.

आणि एक सीमा ओळखावी. कुत्रं पिंजऱ्यात लाळ गाळत असेल, गज चावून दात मोडून घेत असेल, नख्या रक्तबंबाळ करत असेल, तर ती सोबतीची मागणी राहिलेली नाही. ती घबराट आहे. तिथे पिंजऱ्याचा प्रयोग त्याच क्षणी थांबवावा आणि पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुरुवात करता येते. अवघड दुखण्यासाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. काही कुत्र्यांना भीती कमी करणारी औषधं काही महिने द्यावी लागतात. ती डॉक्टरांनीच ठरवावीत. घरातली झोपेची गोळी किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला कधीही देऊ नये. त्याने जीव जाऊ शकतो.

अनेकजण सोबतीला दुसरं पिल्लू आणतात. पहिलं पिल्लू निव्वळ कंटाळलेलं असेल, तर उपाय लागू पडतो. ते माणसासाठी झुरत असेल, तर मात्र रात्री दोन पिल्लं भुंकतात.

पुन्हा त्या वाघरीपाशी

आपल्या तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे, रांजणीला शेळ्या-मेंढ्यांचं सरकारी प्रक्षेत्र आहे. मेंढरामागे पिढ्यानपिढ्या चालणारी माणसं इथे राहतात. त्यांच्या कुत्र्याला पिंजरा ठाऊक नसतो, रात्री भुंकू नये म्हणून त्याला कुणी शिकवलेलंही नसतं. कळपाची ऊब एका अंगाला आणि मालकाचा पाय दुसऱ्या अंगाला, एवढ्यावर ते उघड्या माळावर, गार वाऱ्यात निर्धास्त झोपतं. जाग आली तर मान उचलून पाहतं, माणूस आहे असं दिसलं की पुन्हा मान टाकतं.

आपलं घर वेगळं असेल, पार्किंग असेल, पिंजरा असेल, सकाळी लवकर उठून एसटी गाठायची असेल. तरी घरी आलेल्या पिल्लाला लागतं ते तेवढंच. आज रात्री पिंजरा उचला आणि आपल्या पायाशी आणून ठेवा. ते एकदा भुंकेल, मग थांबून ऐकेल. त्या शांततेत त्याला तुमचा श्वास ऐकू आला, तर दुसऱ्या हाकेची गरज उरणार नाही.